हॉटेलात मुलांची पंगत आधी

प्रश्न : आम्ही ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी सासू-सासऱ्यांसह आम्ही रात्री साडेआठला घराजवळच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. टेबल मिळायला पाऊण तास लागला आणि जेवण यायला आणखी अर्धा तास. मुलाने रडून हॉटेल डोक्यावर घेतले, पाण्याचा पेला फेकला. शेजारच्या टेबलावरील गृहस्थ आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मुले आवरता येत नसतील तर घरी बसावे." मी मुलाला घेऊन बाहेर उभी राहिले. परत आले तेव्हा सर्वांचे जेवण आटोपले होते. मुलीसमोर यजमानांनी मोबाइल ठेवला होता आणि ती केवळ फ्रेंच फ्राइज खाऊन उठली. सासूबाईंचे म्हणणे असे की, मुले पाच वर्षांची होईपर्यंत बाहेर जेवायला जाऊच नये. यजमान म्हणतात, दोघांनाही मोबाइल दिला की प्रश्न मिटला. पुढील महिन्यात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षे होत आहेत आणि त्यासाठी पुन्हा रात्रीच्याच जेवणाचा बेत ठरतो आहे. मी काय करावे?

— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातील "परत आले तेव्हा सर्वांचे जेवण आटोपले होते" हे वाक्य मी अनेकदा वाचले. त्याविषयी मला बरेच लिहायचे आहे. आधी मात्र तुमच्या थेट प्रश्नाचे थेट उत्तर देते. बाहेर जेवायला जाणे बंद करू नका आणि मोबाइलही देऊ नका. तुम्ही जाता ती वेळ बदला, जागा बदला आणि तेथे बसण्याचा अवधी कमी करा. माझ्या मते त्या रात्री जे जे बिघडले, त्या सर्वांच्या मुळाशी एकच कारण होते : दोन भुकेलेल्या, झोपेला आलेल्या मुलांना सव्वा तास ताटकळत ठेवले गेले.

त्या रविवारचा हिशेब मांडून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप मिळावी असे म्हटले आहे. सकाळी सात-साडेसातला उठणारे आणि दुपारी दीड-दोन तास झोपणारे मूल रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास पेंगुळणारच. तुमचा मुलगा त्या वेळी हॉटेलच्या दाराशी, अनोळखी गर्दीत, कुणाच्या तरी कडेवर होता आणि त्याच्या पोटात संध्याकाळच्या खाऊनंतर काही गेले नव्हते. पावणेदहाला जेवण समोर आले तेव्हा त्याला जेवण नको होते, अंथरूण हवे होते. दीड वर्षाच्या मुलाला "आता पाच मिनिटे थांब" या शब्दांचा अर्थ कळत नाही, कारण पाच मिनिटे म्हणजे किती हेच त्याला ठाऊक नसते. पेला फेकणे ही त्याची तक्रार होती. ती मांडण्याचे दुसरे साधन त्याच्याजवळ नाही.

सासूबाईंचे म्हणणे मी धुडकावून लावणार नाही, कारण त्यामागे मुलांची काळजीच आहे. मात्र त्यांना एका जुन्या रीतीची आठवण अवश्य करून द्या. आपल्याकडे लग्न-मुंजीच्या घरी, यजमानांची आणि व्याह्यांची पंगत बसायला कितीही उशीर होणार असला, तरी मुलांची पाने आधी मांडत. वरण-भात, तूप, लिंबाची फोड आणि एखादी जिलबी वाढून मुलांना तृप्त करत आणि मग मोठी माणसे निवांत जेवत. मुलांना कार्याला आणायचे नाही असे कुणी म्हणत नसे, आणि त्यांना उपाशी ठेवून मोठ्यांच्या पंक्तीला बसवावे असेही कुणाला वाटत नसे. हॉटेलात जाताना आपण ही साधी शिस्त घरीच ठेवून जातो. सासूबाईंच्या पिढीने ती पाळलेली आहे, म्हणून ती हॉटेलात कशी पाळता येईल याचा विचार त्यांच्याच सोबतीने करावा, असे मला मनापासून वाटते.

आता वेळेविषयी. रात्रीचे जेवण टाळा आणि दुपारी बाराला किंवा फार तर सव्वाबाराला टेबलावर बसा. त्या वेळी हॉटेल नुकतेच उघडलेले असते, स्वयंपाकघरात मागण्यांची रांग नसते, वेटर दमलेला नसतो आणि लवकर बसल्यामुळे धाकट्याची दुपारची झोपही चुकत नाही. संध्याकाळीच जायचे असेल तर सात वाजता जा, पण आधी फोन करून विचारा, कारण पुष्कळ हॉटेले दुपारी साडेतीनच्या आसपास बंद होऊन संध्याकाळी सातलाच पुन्हा उघडतात आणि उघडल्याबरोबर तंदूर तापलेला नसतो. रविवारपेक्षा कामाच्या दिवसाची संध्याकाळ कितीतरी बरी. दूर जाण्याचा मोहही आवरा. घोडबंदर रस्त्यावरून नौपाड्यापर्यंत पोहोचण्यात रविवारी जो वेळ जातो तोही मुलांच्या दृष्टीने ताटकळण्याचाच वेळ असतो, आणि गाडीत अर्धवट झोपलेले मूल हॉटेलाच्या दिव्यांत जागे करणे म्हणजे रडण्याला आमंत्रण देणे होय.

जागेविषयी माझे मत ठाम आहे. लहान मुलांसह बाहेर खाण्याची सुरुवात करायची असेल तर आपल्या उडुपी हॉटेलाइतके चांगले ठिकाण नाही. गोखले रस्त्यावर, राम मारुती रस्त्यावर आणि आता तुमच्या घोडबंदर भागातही अशी हॉटेले आहेत. इडलीचे पीठ आदल्या रात्रीच आंबवलेले असते आणि सकाळी इडल्या घाण्यामागून घाण्याने उकडून निघत असतात, त्यामुळे मागितल्यापासून काही मिनिटांत बशी समोर येते. इडली मऊ असते, ती मुलाला हाताने खाता येते, तिखट नसते आणि सांडली तरी पुसता येते. तेथे मुळातच इतका कलकलाट असतो की मुलाच्या एखाद्या आरोळीने कुणाचे डोके उठत नाही. सकाळी आठ-साडेआठला न्याहारीसाठी गेलात तर पाऊण तासात सारे आटोपते. नौपाड्यात असाल तर तेथून तलावपाळीवर एक फेरी मारून मुलांचे पाय मोकळे करता येतात. अशा दहा छोट्या न्याहाऱ्यांतून मूल हॉटेलात बसायला शिकते, एका मोठ्या रात्रीच्या जेवणातून शिकत नाही. ठाण्याची शान असलेली मामलेदारची मिसळ मात्र मोठ्यांनी वेगळ्या वेळी खावी. तिचा रस्सा तिखटासाठीच प्रसिद्ध आहे आणि मुलांसमोर नुसता पाव ठेवून आपण ती खात बसावे हे काही बरे नाही.

पंजाबी पद्धतीच्या मोठ्या हॉटेलात "कमी तिखट करा" असे सांगून आपण निश्चिंत होतो. तेथील भाज्यांच्या लाल, पांढऱ्या आणि तपकिरी ग्रेव्ही बहुधा आधीच मोठ्या पातेल्यांत तयार असतात, त्यांतील तिखट-मीठ नंतर काढता येत नाही. कमी तिखट मागितल्यावर स्वयंपाकी त्यात साय, लोणी किंवा साखर घालून तिखटपणा झाकतो आणि मीठ तितकेच राहते. म्हणून मुलांसाठी असे काही मागा जे फोडणी देण्यापूर्वी बाजूला काढता येते. फोडणीशिवायची डाळ आणि साधा भात, दहीभात, साधा डोसा, मऊ फुलका, तूप घातलेली पातळ खिचडी, एवढे पुरेसे आहे. तंदुरी रोटी निवली की चिवट होते, ती दीड वर्षाच्या मुलाला देऊ नये. मुलांचे पदार्थ मेन्यू कार्ड उघडण्यापूर्वीच, खुर्चीवर बसता बसता सांगा आणि "हे आधी आणा, बाकीचे आम्ही नंतर सांगतो" असे वेटरला स्पष्ट म्हणा. मोठ्यांच्या मागणीत मुलांची मागणी मिसळली की सारे एकदम येते, आणि ते एकदम येईपर्यंत मुले मसाला पापड आणि फ्राइज यांवर पोट भरून घेतात. तुमच्या मुलीचे नेमके हेच झाले. धाकट्यासाठी घरून पाणी आणि छोटा डबा न्यावा. बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी पाटी असली, तरी तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या डब्याला मॅनेजर सहसा हरकत घेत नाहीत. आत शिरतानाच विचारून ठेवले की अवघडलेपणा राहत नाही.

मुलीला हॉटेलात काहीतरी नवे खायला लावण्याचा हट्ट धरू नका. दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाला नकार देणे हा वाढीचाच एक भाग असतो आणि एखादा पदार्थ आवडू लागण्यापूर्वी मुलाला तो अनेक वेळा, कित्येकदा आठ-दहा वेळांहून अधिक, पुढ्यात यावा लागतो. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जेवणाच्या जबाबदारीची जी विभागणी सांगितली आहे ती मला फार उपयोगाची वाटते : काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे आईवडिलांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. ओळखीचा एक पदार्थ मुलीच्या बशीत असू द्या, तुमच्या बशीतील घास तिला हवा असेल तर द्या, आणि ती थोडेच खाऊन थांबली तर सर्वांसमोर तिच्या खाण्याची चर्चा करू नका.

सुरक्षिततेचे काही मुद्दे थोडक्यात पण आग्रहाने सांगते. वेटर ज्या बाजूने ये-जा करतात त्या बाजूला मुलाची खुर्ची ठेवू नका. सांबार, सूप आणि धूर ओकणारी सिझलरची तवी मुलाच्या डोक्यावरून पुढे सरकवली जाते, आणि एका धक्क्यात मोठा अपघात होऊ शकतो. भिंतीकडची जागा मागा. उंच बेबी चेअरचा पट्टा तुटलेला असेल तर ती खुर्ची वापरू नका, मुलाला मांडीवर घ्या. कुणाला भाजलेच तर बर्फ, हळद किंवा टूथपेस्ट न लावता भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा आणि मग डॉक्टरांकडे जावे. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालील मुलाला देऊ नयेत, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. बिलासोबत येणारी बडीशेप आणि खडीसाखरेची वाटी सर्वांच्या नजरेतून सुटते. आजोबा प्रेमाने चिमूटभर नातवाच्या हातावर ठेवतात, तेव्हा ती वाटी टेबलावर येताच दूर सरकवावी.

तुमच्या पतींच्या सूचनेकडे वळते. आधी सांगितलेल्या तत्त्वांत जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा पाळावी असे म्हटले आहे. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेची भूमिकाही जवळपास हीच आहे. जेवणाच्या टेबलावर मोबाइल देण्याला माझी हरकत मात्र आणखी एका कारणासाठी आहे. पडद्याकडे पाहत खाणाऱ्या मुलाला आपण काय खातो आणि पोट केव्हा भरले हे जाणवत नाही, आणि चार माणसांत बसून जेवायचे कसे हेही त्याला दिसत नाही. म्हणजे ज्या शिक्षणासाठी मुलांना सोबत न्यायचे, तेच बुडते. तुमच्या पतींचा हेतू वाईट नाही. रडणारे मूल आणि वळून पाहणारे लोक यांच्या मध्ये सापडलेला कुणीही हाताशी असेल तो उपाय करतो. म्हणून उपाय आधीच हाताशी ठेवावा. साडेचार वर्षांच्या मुलीला काम द्या. सर्वांसाठी कागदी रुमाल मांडणे, चमचे मोजणे, मेन्यू कार्डातील ओळखीची अक्षरे शोधणे आणि "काका, मला एक साधा डोसा द्या" असे स्वतः वेटरला सांगणे, यांत तिची पंधरा मिनिटे आनंदात जातात आणि वेटरशी अदबीने बोलण्याची सवयही लागते. सोबत वही आणि रंगीत खडू असावेत. धाकट्याला रिकामी वाटी, चमचा आणि पोळीचा तुकडा पुरतो, तेही थोडा वेळच. त्यानंतर एका मोठ्या माणसाने त्याला बाहेर फिरवून आणावे आणि बशी टेबलावर आल्यावरच परत यावे. मोठ्यांनीही आपले मोबाइल पिशवीत ठेवले, तर मुलीला दिलेला नियम तिला अन्यायाचा वाटणार नाही.

आता त्या वाक्याकडे येते. तुमच्यासह चार जाणती माणसे टेबलावर असताना मुलाला घेऊन उठायचे ते तुम्हीच, हे कुणी ठरवले होते? बहुधा कुणीच नाही. आईने उठायचे हे गृहीत धरलेले असते, आणि गृहीत धरलेल्या कामाचे श्रम कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ते काम घरातून निघण्यापूर्वी, मुलाच्या रडण्याच्या गोंधळात नव्हे तर शांतपणे, बोलून वाटून घ्या. मुलांचे जेवण होईपर्यंत तुम्ही त्यांच्यापाशी बसाल, आणि मोठ्यांचे जेवण आले की पहिली वीस मिनिटे मूल तुमच्या पतींकडे असेल, किंवा याच्या उलट असेल; क्रम कोणताही चालेल, पण तो आधी ठरलेला असावा. सासऱ्यांना नातवाला घेऊन हॉटेलबाहेरच्या गाड्या दाखवायला आवडत असेल तर त्यांचीही एक पाळी लावा, मात्र त्यांचे जेवण झाल्यावर. तुम्ही गरम जेवण जेवलात की नाही, हा मुलांच्या शिस्तीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. दर वेळी आईचेच ताट निवत असेल तर "बाहेर जाऊ या" हे शब्द ऐकूनच तिला थकवा येऊ लागतो, आणि तुमच्या पत्रातून तो थकवा मला जाणवला.

त्या गृहस्थांचे बोलणे उद्धट होते आणि त्याला उत्तर न देऊन तुम्ही योग्य केलेत. तरीही इतर ग्राहकांप्रती आपले काही कर्तव्य आहे, हेही मानावे. मूल क्षणभर रडले तर लोकांनी सोसावे; रडणे दोन-तीन मिनिटांत थांबले नाही तर आपण त्याला बाहेर न्यावे. वस्तू फेकली तर ती परत हातात देऊ नये. टेबलांमधून पळणे मात्र एकदाही चालवून घेऊ नये, कारण त्या वाटेवरून उकळते सांबार जात असते. जमिनीवर सांडलेल्या भाताचे मोठे गोळे आपणच उचलावेत, उरलेले वेटरला सांगून पुसायला लावावे आणि त्याच्या हाती थोडे अधिक पैसे ठेवावेत. ज्या कुटुंबाने असे केले त्याला पुढच्या वेळी तोच वेटर आपणहून भिंतीकडचे टेबल देतो.

राहता राहिला लग्नाच्या वाढदिवसाचा बेत. तो दुपारचा करावा, असे सासूबाईंशी आणि सासऱ्यांशी बोलून ठरवा. संध्याकाळच्या जेवणाला त्यांचे मन फारच अडले असेल, तर मुलांना साडेसहाला घरीच पोटभर वरण-भात द्या, सर्वांनी सातला हॉटेलात जा, मुलांना सोबत पाऊण तास बसू द्या आणि मग तुमच्या पतींनी किंवा त्यांच्या एखाद्या भावंडाने त्यांना घरी न्यावे. तुम्ही तेथेच थांबून जेवावे. दुपारचे ठरले तर हॉटेलात दोन दिवस आधी फोन करा. माणसे किती, मुले किती, बेबी चेअर हवी, टेबल भिंतीकडचे हवे आणि फोडणीशिवायची डाळ व भात आम्ही पोहोचताच हवा, हे सारे त्या फोनवरच सांगा. केक आणणार असाल तर तो मुलांच्या भाताच्या आधी टेबलावर येऊ देऊ नका. मोठ्यांनी निवांत जेवावे, गप्पा माराव्यात, छायाचित्रे काढावीत, पण बिल शेवटचा घास घेण्याआधीच मागवून ठेवावे. दीडपर्यंत निघालात तर धाकटा बहुधा गाडीत बसताच झोपेल. आइस्क्रीमसाठी त्याला कुणीही उठवायचे नाही, हे मात्र घरातील सर्वांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.